पीडेचा निळा डोळा

माणसाचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीचे हजार काप करा. त्यातला एक काप म्हणजे तिचं रोजचं काम.

*

“हे गाल माझे नाहीत,” पंधरा वर्षांची मुलगी आरशाला म्हणाली.
“तेज आहे ते, वेडे,” आई मागून म्हणाली.

*

दुकानात लाल डोक्याच्या टाचण्या मिळतात, पिवळ्या मिळतात. निळी एकच उरली होती, तीच तिने घेतली.

*

फर्निचरच्या शोरूममध्ये आता फर्निचर नव्हतं. दर्शनी काचेवरचं ‘सोफा-कम-बेड’ कुणीतरी अर्धवट खरवडलं होतं. सोफा गेला होता, बेड राहिला होता.

*

अहवालातलं पहिलं वाक्य : ‘साध्या सूक्ष्मदर्शकाखाली विशेष दोष आढळला नाही.’
दुसरं वाक्य वाचायला कुणी थांबलं नाही.

*

“बघा हिची भूक! आधी दोन घास जात नव्हते घशाखाली. आता ताट धुतल्यासारखं लख्ख!”

*

रविवारी सकाळी दहा वाजता त्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या, खुर्च्यांमधल्या वाटा भरल्या होत्या, आणि पूर्वी जिथे डायनिंग टेबलं मांडायचे त्या उंच ओट्यावर पांढरा पडदा लावला होता. सुजलेल्या पायांची, पिवळ्या चेहऱ्यांची, हातात फायली धरलेली माणसं एकमेकांना खेटून बसली होती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला.

तिथे आरपार उभा होता.

त्याचं खरं नाव कुणी विचारत नसे. तो माणसाच्या आरपार पाहतो, म्हणून आरपार. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, पण घोट्यापर्यंत लांब. म्हणजे एकाच कापडात डॉक्टरही आणि सिद्धपुरुषही. कानाला लावलेला माइक, आणि तोंडाचा पट्टा असा की श्वास कधी घेतो ते कळू नये.

“डॉक्टर बघतो डोळ्याने! यंत्र बघतं काचेने! आणि मी?”

“आरपार!” सगळी शोरूम ओरडली.

“आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही हं. विज्ञान बिचारं आमच्या मागून धावतंय. धाप लागलीय त्याला!”

हशा. टाळ्या.

शेवटच्या रांगेच्या मागे, भिंतीला टेकून एक बाई उभी होती. ती हसली नाही. ओट्यावर आरपारच्या शेजारी स्टुलावर बसवलेल्या मुलीकडे ती एकटक बघत होती. ती त्या मुलीची आत्या. एका मोठ्या हॉस्पिटलात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत ती सतरा वर्षं काम करत होती, आणि दहा आठवड्यांपूर्वी तिच्या सख्ख्या भावाने तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

*

दार लावलं त्या दिवसाचं संभाषण, जसंच्या तसं :

“दादा, पाकीट घे. खारूच्या तुकड्याचा पुढचा रिपोर्ट आलाय.”

“रिपोर्ट आला केव्हाच. काही नाही निघालं त्यात. ‘दोष नाही’ असं छापून आलंय.”

“ते साध्या सूक्ष्मदर्शकाचं. त्याला हा आजार दिसतच नाही. खाली लिहिलंय, इलेक्ट्रॉनचा अहवाल मागाहून. तोच हा. मी स्वतः कापलाय तुकडा, फोटो मीच काढलाय.”

“म्हणजे आधी म्हणायचं काही नाही, मग म्हणायचं आहे! तुमचंच तुम्हाला कळत नाही.”

“आजार सापडलाय, दादा. औषधाने बरा होणारा आहे. डॉक्टर म्हणतात स्टेरॉइड—”

“स्टेरॉइड? पोरीचं तोंड फुगवायचं, हाडं कुजवायची? विष आहे ते विष! माझ्या घरात स्टेरॉइड येणार नाही. आरपारबाबांची पूड सुरू केलीय आम्ही कालपासून.”

“तू शिकलेला माणूस आहेस की—”

“की काय? बोल ना, ‘मूर्ख’ म्हण! लहानपणापासून तेच म्हणत आलीयेस.”

“मूर्ख!” ती म्हणाली.

त्याने पाकीट हातातून ओढून घेतलं आणि दार लावलं. त्यातला फोटो त्याने बघितला, त्याला काही कळलं नाही, आणि जे आपल्याला कळत नाही ते आरपारला कळेल म्हणून त्याने तो आरपारला नेऊन दिला.

*

तो तुकडा. खारूच्या पापण्या सुजल्या, पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला, तेव्हा किडनीच्या डॉक्टरबाईंनी तिच्या किडनीतून सुईने काढलेला. शेवईच्या टोकाएवढा. भाचीचा तुकडा आत्याने कापू नये असं तिचे सर म्हणाले होते. ती म्हणाली, दुसरं कोण आहे इथे कापणारं? खरंच कुणी नव्हतं.

हिऱ्याच्या सुरीने काप काढायचे. ते सुरीमागच्या पाण्यावर तरंगतात. चंदेरी दिसले तर जाडी बरोबर. सोनेरी दिसले तर जाड झाले, फेका. मग मसुराच्या दाण्याएवढ्या तांब्याच्या जाळीवर ते उचलायचे आणि यंत्रात सरकवायचे. त्या दिवशी सुरीला एक बारीक खाच पडली होती, त्यामुळे प्रत्येक कापावर एक तिरका ओरखडा उमटत होता. दुसरी सुरी धार लावायला गेली होती. तिने चरफडत त्याच सुरीने काम संपवलं.

*

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन वाजला.

“आत्या, मी बोलतेय. हळू बोलते हं. पप्पा बाहेर आहेत.”

“खारू? बाळा, कशी आहेस तू?”

“सूज गेली. दोन आठवड्यांतच गेली. पण माझं तोंड बघशील तर ओळखणार नाहीस. पातेल्यासारखं झालंय. आणि पोटावर जांभळ्या रेघा उमटल्यात.”

“पूड कशी लागते?”

“कडूजहर! मधातून देतात तरी कडू. आणि ऐक ना, बुधवारपर्यंत रोज घेत होते. आता बाबांनी सांगितलं, पूर्ण बरी झाली, बंद करा. उद्या मला ओट्यावर उभं करणार आहेत. पण मला उलट्या होतायत गं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मम्मी म्हणते पीडा बाहेर पडतेय.”

आत्याने तिथल्या तिथे डॉक्टरबाईंना फोन लावला आणि गाल, रेघा, कडू पूड, बुधवार, सगळं सांगितलं.

“मला काय वाटतंय ते मी मुलीला बघितल्यावर सांगेन,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला घेऊन या. चालता येत नसेल तर उचलून आणा. उशीर झाला तर जिवावर बेतेल.”

ती तशीच भावाच्या घरी गेली. कुलूप. शेजारीण म्हणाली, मुक्काम शोरूममध्येच आहे, बाबांनी आदल्या दिवसापासून बोलावलंय. शोरूमचं शटर खाली होतं. राखणदार म्हणाला, सकाळी दहाला या, सगळ्यांबरोबर.

*

“दिवे!” आरपार म्हणाला.

दिवे मालवले. पडद्यावर एक काळा-पांढरा फोटो उमटला. एक करडा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर ओळीने रोवलेली बोटं. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, डझनभर.

पहिल्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात धरला.

“घाबरू नका, पण बघा! ही या पोरीच्या किडनीतली पीडा. बोटं बघा बोटं! कशी आवळून धरलीय किडनी! साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसली का? नाही! डॉक्टरांनी लिहून दिलं, दोष नाही. मी पोरीकडे पाहिलं आणि सांगितलं, बोटं आहेत! आणि मग मोठ्या यंत्रानं काय दाखवलं? बोटं!” त्याने काठी उचलून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवली. तिथे एक गोल, चकचकीत, गर्द निळा ठिपका होता. “आणि हा! सगळा फोटो काळा-पांढरा, मग हा निळा कुठून आला? सांगा! हा पीडेचा डोळा! ती तुमच्याकडे बघतेय!”

पाचशे माणसांनी नजर खाली घातली.

आत्याला आधी हसू फुटलं. भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी फुटतं तसं; तिने ते ओठांत दाबलं.

“आणि दहा आठवडे पूड घेतल्यावर?” आरपारने विचारलं.

पहिल्याच्या शेजारी दुसरा फोटो उमटला. तोच करडा पट्टा. पण त्याच्यावर बोटं नव्हती. एक सपाट, सलग थर. लोणी फासावं तसा. आणि त्यावरून तिरका गेलेला एक ओरखडा.

“शोधा! एक तरी बोट शोधून दाखवा! मुळासकट उपटलं!”

टाळ्यांनी काचा थरथरल्या. आत्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. तो ओरखडा तिचा होता.

“तो डोळा नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “टाचणी आहे.”

टाळ्यांत ऐकू गेलं नाही. ती खुर्च्यांमधून, लोकांचे पाय तुडवत पुढे निघाली. “टाचणी आहे ती! मी टोचलेली!”

“कोण ताई बोलतायत?” आरपार गोड हसला. “या ना, पुढे या. लपून कशाला बोलता?”

“तो दुसरा फोटो मी काढलाय. हॉस्पिटलात मी तेच काम करते.”

“वा!” त्याने दोन्ही हात वर केले. “ऐकलंत? हॉस्पिटलची माणसं स्वतःच्या तोंडाने कबूल करतायत, फोटो खरा आहे! होऊ दे टाळ्या ताईंसाठी!”

पुन्हा टाळ्या. ओट्याखाली बसलेला भाऊ उठून उभा राहिला. त्याचं तोंड लाल झालं होतं.

“खरा आहे,” ती म्हणाली. “फक्त तो पूड घेतल्यानंतरचा नाही. आधीचा आहे. कोपऱ्यात तारीख छापली होती, ती तुम्ही कापलीत. ओरखडा कापायचा राहिला. दादा, हा तोच फोटो, मी तुझ्या दारात आणून दिलेला. आठवतो का?”

“खाली बस!” भाऊ म्हणाला. “सगळ्यांसमोर शोभा करू नकोस.”

“शोभा? तुझ्या पोरीचा आजार पडद्यावर लावलाय, आणि लोक त्याला टाळ्या वाजवतायत! बोटं नसणं हाच आजार आहे, दादा. बोटं असायलाच पाहिजेत. रक्त गाळणाऱ्या पेशींचे पाय आहेत ते. एकमेकांत गुंतून गाळणी करतात. आजारात ते सपाट होतात, गाळणी फाटल्यासारखी होते, आणि अंगातलं प्रथिन लघवीतून वाहून जातं. म्हणून फेस, म्हणून सूज. पहिला फोटो चांगल्या किडनीचा आहे. ही बोटं इथे बसलेल्या बहुतेकांना आहेत. या बाबांनाही असतील, नाहीतर एवढ्या बारीक घोट्यांवर उभे राहिले नसते!”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी म्हणालं, “बाईला हाकला.” कुणीतरी तिच्या खांद्याला धरलं.

“पुरावा?” आरपार म्हणाला. आवाजातला मध आटला होता. “तोंडाची वाफ कुणीही दवडतो.”

“हॉस्पिटलचा दुसरा मजला. पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी बोर्ड आहे. तिथे हा बोटांचा फोटो लावलाय. कुणीही मोबाइल धरून काढून नेऊ शकतं, आणि नेलाय.”

“मी बसतो तिथे,” एक घोगरा आवाज आला.

चौथ्या रांगेतला एक म्हातारा उठत होता. वाकलेली पाठ, गळ्यात चष्म्याची दोरी. “माझ्या बायकोचं रक्त तिथे यंत्रावर शुद्ध करतात. आठवड्यातून दोनदा मी त्या बोर्डासमोर चार-चार तास बसतो. चाळीस वर्षं शिंप्याचं काम केलंय. जरा बघू द्या.”

कुणाची परवानगी येण्याआधीच तो ओट्यावर चढला. चष्मा लावला, नाक पडद्याला टेकेल इतका जवळ गेला आणि निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“टाचणीच आहे की हो! हिची खाली सावलीसुद्धा पडलीय. डोळ्याची कुठे सावली पडते का?” तो लोकांकडे वळला. “आणि त्या फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : निरोगी मूत्रपिंड. ती ओळ यात कापलीय.”

शोरूममध्ये कुजबुज सुरू झाली. आरपारने ती ऐकली. असल्या माणसांचा एक कान कायम गर्दीच्या छातीवर असतो.

“घ्या शंका!” तो गरजला. “खुशाल घ्या! पण ज्यांनी शंका घेऊन पूड सोडली त्यांचं काय झालं, विसरलात? कोण कोण कोसळलं? सांगू नावं? पूड माझ्या हुकमाने सोडली तरच—”

स्टूल पडल्याचा आवाज झाला. खारू ओट्यावर आडवी झाली होती. ओठ पांढरेफटक.

“बघा!” आरपारने काठी आत्याकडे रोखली. “शंका कुणी घेतली, आणि भोगतंय कोण! बघा!”

मग जे उठलं त्याला गर्दी म्हणत नाहीत. कुणी तिचे केस धरले, कुणी पाठीत बुक्की घातली, एका बाईने तिच्या तोंडावर बाटलीतलं पाणी फेकलं. “तुझ्यामुळे!” भाऊ ओरडत होता. “जळतेस तू आमच्यावर! तुझ्यामुळे झालं हे!” त्याने मुलीला उचललं. आरपार म्हणत होता, आतल्या खोलीत आणा, मी बघतो. दार त्याच्या दोन कोटवाल्या चेल्यांनी उघडून धरलं होतं.

मुलीने बापाची कॉलर धरली.

“पप्पा, आत नको. तिला मीच फोन केला होता.”

“तू?”

“तुम्हाला सांगितलं होतं तीनदा, चक्कर येतेय म्हणून. तुम्ही म्हणालात पीडा बाहेर पडतेय. हॉस्पिटलला चला, पप्पा. मरेन मी इथे.”

तो उभा राहिला. आतल्या खोलीचं दार चार पावलांवर होतं आणि रस्त्याचं दार पन्नास. मग तो वळला, आणि पोरीला छातीशी धरून, आडव्या येणाऱ्या माणसाला खांद्याने ढकलत, बाहेर पडला.

*

हातात सुई, सुईतून सलाइन, सलाइनमध्ये एक इंजेक्शन. मुलीचा रक्तदाब हळूहळू वर चढला. दीड तासाने ती म्हणाली, “भूक लागलीय.”

भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला. मग डॉक्टरबाईंना म्हणाला, “काय होतं त्या इंजेक्शनमध्ये? त्याने वाचली ती.”

“स्टेरॉइड,” डॉक्टर म्हणाल्या.

त्याने वर टांगलेल्या सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

“आणि पुडीत काय होतं, सांगू? तेच. चेहऱ्यावर लिहिलंय तिच्या. ते गोल गाल म्हणजे तेज नव्हे, ती वखवखलेली भूक म्हणजे आरोग्य नव्हे. पोटावरच्या जांभळ्या रेघा बघितल्यात? तिच्या किडनीचा आजार स्टेरॉइडने पटकन हटणारा होता. फोटोत तेच दिसलं होतं, म्हणून मी तेच लिहून दिलं होतं, मोजून, वजनाप्रमाणे, हळूहळू कमी करत बंद करायचं. तुम्ही नको म्हणालात.”

“विष आहे म्हणून नको म्हणालो मी!”

“आणि मधात कालवून दहा आठवडे चाटवलंत. किती, ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. शरीर रोज स्वतःचं थोडं स्टेरॉइड बनवतं. बाहेरून भरपूर मिळालं की ते बनवणं सोडून देतं. मग एका दिवसात पूड बंद केली की अंगात काहीच उरत नाही. माणूस कोसळतो. मरतोही. हा त्या बाबाचा शाप. घेतलीत तर चमत्कार, सोडलीत तर शाप. दोन्ही एकाच डब्यातले.”

आत्या दाराशी उभी होती. तिचा ओठ फुटला होता. भावाने तिच्याकडे पाहिलं. माफी मागेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “तू नीट समजावून सांगायला हवं होतंस.”

“मी दारात उभी राहून सांगितलं,” ती म्हणाली. “तू दार लावलंस.”

मग ती खारूच्या पलंगाशी जाऊन बसली.

*

आठव्या दिवशी औषधांच्या प्रयोगशाळेतून दोन पुड्यांचा अहवाल आला. एक पुडी खारूची, एक शिंप्याने आणून दिलेली. दोन्हींत बाजरीसारख्या भरड दळलेल्या मुळ्यांची भुकटी, आणि त्यात कुटून घातलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. एका पुडीत दुसरीच्या तिप्पट. शिंप्याच्या बायकोचा आजार वेगळा होता; तिच्या किडनीला त्या गोळ्यांनी काडीचा फायदा नव्हता. साखर मात्र भडकली आणि पायाची जखम चिघळली. तिच्यावर सभेत कधी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ‘श्रद्धा कमी पडली’ असं तिला सांगण्यात आलं होतं.

त्या गोळ्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. खारू आज त्याच घेते. चिठ्ठीवर लिहिलेल्या मापाने, दर पंधरा दिवसांनी थोड्या कमी. बाप स्वतःच्या हाताने देतो. पोरगी रोज म्हणते, “पप्पा, कडू तेवढंच आहे हं!”

शोरूमला कुलूप लागलं. आरपारवर तक्रार झाली, तेव्हा तो निघून गेलेला होता. दुसऱ्या एका शहरात त्याने पुन्हा पडदा लावलाय असं कळतं. फोटो आता अदलाबदल करून लावतो, सपाट आधी आणि बोटं नंतर, आणि निळा ठिपका कापलाय. शिकतो तो. शिकत नाहीत ती समोरची माणसं.

म्हणून हे स्पष्टच सांगायचं आहे. पडद्यावर कुणी फोटो दाखवला, तर माना डोलावण्याआधी विचारा : कुणाचा आहे? कधीचा आहे? धडधाकट माणसाचा फोटो कसा दिसतो? पुडीत काय आहे ते लेबलवर लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याच्या हातचं पोराच्या तोंडात घालू नका. आणि अहवाल हातात आला तर तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, नाही कळला तर ज्याने लिहिला त्याच्या समोर बसून समजून घ्या. विचारल्याने कुणाचं तेज कमी होत नाही.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, सतरा वर्षांपूर्वी, आत्यालाही ती बोटंच आजार वाटली होती. तिने सरांना विचारलं. पाच मिनिटं लागली.